टेक्सासचं कॅपिटॉल : पैसे नव्हते, जमीन होती

गुलाबी_दगड

मंडळी, बरीच वर्षं टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनला राहतोय आणि इथल्या कॅपिटॉलबद्दल, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीबद्दल, मराठीत नीट लिहिलेलं काही वाचायला मिळालं नाही म्हणून हा धागा काढतोय. आपल्याकडे पाहुणे आले की संध्याकाळी वटवाघळांच्या पुलावर नेतो, तिथून काँग्रेस अव्हेन्यूच्या टोकाला घुमट दिसतो, तेवढ्यावर फोटो होतो आणि सगळे जेवायला जातात. आत जाऊन बघणारे कमी, आणि ती बांधली कशी हे माहीत असणारे त्याहून कमी. राज्यांची कॅपिटॉलं लांबून बरीचशी सारखीच दिसतात, मधे घुमट, दोन्हीकडे विंगा, पुढे पायऱ्या. ऑस्टिनचंही तसंच आहे. माझ्या मते बघण्यासारखं काय आहे तर तिचा खर्च कसा भागवला आणि तिचा दगड कुठून, कोणी आणला.

झालं असं की सिव्हिल वॉरनंतर, म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, टेक्सासच्या तिजोरीत खडखडाट होता पण जमीन मात्र अफाट. टेक्सास १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झालं ते आधी स्वतंत्र देश असताना, आणि सामील होताना सरकारी जमीन त्यांनी स्वतःकडेच ठेवली, पश्चिमेच्या बाकी राज्यांत ती केंद्राकडे असायची. त्यामुळे १८७६ च्या राज्यघटनेतच लिहून टाकलं की नव्या कॅपिटॉलसाठी ३० लाख एकर बाजूला काढायचे, आणि १८७९ मध्ये मोजणीचा खर्च निघावा म्हणून वर ५० हजार एकर दिले. ही सगळी जमीन वर पॅनहँडलमध्ये, म्हणजे राज्याच्या अगदी उत्तरेकडच्या टोकाला, जिथे तेव्हा रेल्वे नाही, गावं नाहीत, नुसतं गवत.

डिझाइनची स्पर्धा झाली, ती डेट्रॉइटच्या एलायजा मायर्सने जिंकली. याने त्याआधी मिशिगनचं कॅपिटॉल बांधलं होतं आणि पुढे कोलोरॅडोचंही डिझाइन त्याचंच. १८८१ च्या नोव्हेंबरात ऑस्टिनचं जुनं चुनखडीचं कॅपिटॉल जळालं, स्टोव्हचा पाइप भिंतीत भलत्याच ठिकाणी घुसवला होता त्यातून. म्हणजे नवी इमारत आगीमुळे ठरली असं जे सांगतात ते खरं नाही, नकाशा आधीच निवडलेला होता, आगीने फक्त घाई झाली. तात्पुरतं कॅपिटॉल समोरच, अकरावा रस्ता आणि काँग्रेस अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर बांधलं, तेही १८९९ मध्ये जळालं. त्याच्या पायाचे अवशेष आजही त्या कोपऱ्यावर बघायला मिळतात.

कंत्राट शेवटी गेलं शिकागोच्या एका गटाकडे, एब्नर टेलर, एमॉस बॅबकॉक आणि फारवेल बंधू. हे कॅपिटॉल सिंडिकेट. करार असा की तुम्ही इमारत बांधा, जसजसं काम पुढे सरकेल तसतशी जमीन तुमच्या नावावर होत जाईल. आता जमीन मिळाली तरी ती लगेच घेणार कोण, म्हणून विकली जाईपर्यंत तिथे गुरं पाळायची ठरलं, त्यासाठी लंडनमध्ये कंपनी काढून ब्रिटिश भांडवल उभं केलं आणि त्यातून झाला एक्सआयटी रँच. दहा काउंट्यांत पसरलेला, भर काळात दीड लाखाच्या आसपास गुरं. म्हणजे ऑस्टिनमध्ये एक-एक मजला चढत होता आणि तिकडे उत्तरेला कित्येक दिवसांच्या वाटेवर त्याच्या बदल्यात काटेरी तारेची कुंपणं पडत होती. मला या इमारतीत सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटते. एकूण खर्च ३७ लाख डॉलरच्या वर गेला, त्यातला राज्याच्या खिशातून रोख गेलेला भाग पाच लाखांच्या आसपास, बाकी सगळं जमिनीवर.

मग दगड. आधी ठरलं होतं की ऑस्टिनच्या जवळच ओटमनव्हिलला, म्हणजे आजच्या ओक हिलला, चुनखडीची खाण आहे तो दगड वापरायचा. तो काढला आणि उघड्यावर ठेवला तर त्यावर गंजासारखे ओघळ यायला लागले. कंत्राटदार म्हणाले इंडियानाचा चुनखडी आणतो. गव्हर्नर जॉन आयर्लंड अडून बसले, टेक्सासच्या कॅपिटॉलला दगड टेक्सासचाच लागणार. तेव्हा बर्नेट काउंटीत मार्बल फॉल्सजवळ ग्रॅनाइट माउंटन नावाचा जो गुलाबी ग्रॅनाइटचा अख्खा डोंगर आहे त्याच्या मालकांनी दगड फुकट देऊ केला. फुकट दगड पण तो काढायचा, घडवायचा, आणायचा खर्च प्रचंड, त्यावरून वाटाघाटी झाल्या, नकाशातले काही भाग कमी केले, आणि राज्याने आपल्या बाजूने कैदी दिले. कैद्यांचा विषय मोठा आहे, त्यावर खाली बोलूच.

कोनशिला २ मार्च १८८५ ला बसवली, तो टेक्सासचा स्वातंत्र्यदिन. लोकांसाठी इमारत उघडली २१ एप्रिल १८८८ ला, तो सॅन हॅसिंटोच्या लढाईचा दिवस, ज्या लढाईने टेक्सास मेक्सिकोपासून सुटलं. मे महिन्यात आठवडाभर मोठा समारंभ झाला, टेक्सास स्वतंत्र देश असताना अध्यक्ष असलेल्या सॅम ह्यूस्टनच्या धाकट्या मुलाने, टेम्पल ह्यूस्टनने, भाषण केलं. आणि त्याच दिवसांत तांब्याचं छप्पर गळलं. त्यामुळे राज्याने इमारत लगेच ताब्यात घेतली नाही, दुरुस्त्या करून घेतल्या आणि डिसेंबरात स्वीकारली. मायर्स तर तोपर्यंत कामावर नव्हताच, त्याचं आणि राज्याचं १८८६ मध्येच फाटलं होतं.

ज्यांनी बघितलंय त्यांनी लिहा, ज्यांना काही विचारायचंय त्यांनी विचारा.

माणदेशी

मस्त धागा. ३० लाख एकर आकडा वाचून गणित केलं, साधारण १२ हजार चौरस किलोमीटर होतात, म्हणजे आमचा अख्खा सातारा जिल्हा मावून वर उरेल. एवढी जमीन एका इमारतीसाठी दिली तर राज्याला हा सौदा महागात नाही का पडला? नंतर तिथे तेल वगैरे निघालं असेल तर?

गुलाबी_दगड

माणदेशी, हा वाद तेव्हापासून चालूय. एकराला एक डॉलरच्या थोडा वर हिशोब पडतो आणि आज तो वाचला की हात जोडावेसे वाटतात. पण १८८२ मध्ये त्या जमिनीला गिऱ्हाईकच नव्हतं. सिंडिकेटलासुद्धा गुरांच्या धंद्यात फारसं हाती लागलं नाही, कर्जाचं ओझं, दुष्काळ, हिवाळ्यातली वादळं, लांडगे, चोऱ्या. १९१२ पर्यंत गुरं काढून टाकली आणि जमीन तुकड्या-तुकड्याने शेतकऱ्यांना विकत गेले, शेवटचा तुकडा १९६३ मध्ये गेला. खरा तोटा कोणाचा झाला म्हणाल तर ज्यांना या हिशोबात कोणी धरलंच नाही त्यांचा. पॅनहँडल कोमांची आणि कायोवा या मूळ रहिवासी जमातींचा मुलूख होता. १८७४-७५ च्या लढाईत अमेरिकन सैन्याने त्यांचे घोडे मारले, तळ जाळले आणि त्यांना रिझर्वेशनमध्ये, म्हणजे त्यांच्यासाठी आखून दिलेल्या राखीव प्रदेशात, नेऊन ठेवलं. ती लढाई संपली आणि पुढच्याच वर्षी घटनेत ३० लाख एकर "मोकळी जमीन" म्हणून लिहिले गेले. कॅपिटॉलची गोष्ट सांगताना १८८१ च्या आगीपासून सुरुवात करतात, माझ्या मते ती १८७५ पासून करायला हवी.

सिव्हिल_सुहास

वाचतोय, फार छान लिहिताय. त्या गंजाच्या ओघळांबद्दल थोडं. त्या चुनखडीत पायराइट होतं, लोखंड आणि गंधकाचं संयुग, खाणीत झाकलेलं असताना काही होत नाही पण हवा-पाणी लागलं की ते ऑक्सिडाइज होऊन तांबूस डाग पडतात आणि ते दगडाच्या आतून येतात त्यामुळे घासून जात नाहीत. बाहेरच्या भिंतीला तो दगड नकोच. पण फेकूनही दिला नाही, आतल्या भिंती आणि पाया त्याच चुनखडीचे आहेत, जिथे पाऊस लागत नाही तिथे तो काय वाईट नाही. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

दुसरं म्हणजे घुमट. खालून गुलाबी दिसतो म्हणून लोकांना वाटतं घुमटही ग्रॅनाइटचा. तो धातूचा आहे, लोखंड आणि पत्रा, त्याला खालच्या दगडाशी जुळणारा रंग दिलाय. एवढ्या उंचीवर दगडी घुमट चढवायचा तर खालच्या भिंती आणि पाया अवाढव्य करावे लागले असते. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलचा घुमटही ओतीव लोखंडाचाच आहे, सिव्हिल वॉरच्या काळात पुरा झालेला, आणि त्यानंतर राज्याराज्यांनी तोच कित्ता गिरवला. बाहेरचा घुमट वेगळा आणि आतून दिसतो तो वेगळा, मधे पोकळी, त्यातून वर जिने जातात. पुढच्या वेळी उन्हात दुपारी बघा, दगड कुठे संपतो आणि पत्रा कुठे सुरू होतो ते नीट कळतं कारण ग्रॅनाइटमध्ये अभ्रक चमकतं आणि रंग चमकत नाही.

निशिगंध

आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो, त्यांना घुमटाखालचा आवाज फार आवडला. रोटुंडाच्या, म्हणजे घुमटाखालच्या गोल दालनाच्या, फरशीवर मधोमध तारा आहे त्यावर उभं राहून बोललं की आपलाच आवाज वरून परत येतो, वर बघितलं तर छतावरही तारा, त्याच्या टोकांच्या मधे एकेक अक्षर, टी ई एक्स ए एस. गाइडने सांगितलं खालून वरच्या ताऱ्यापर्यंत २१८ फूट आणि तो इवलासा दिसणारा तारा आठ फुटांचा आहे. मुलांचा विश्वास बसेना.

मला स्वतःला आवडल्या त्या बिजागऱ्या. हसू नका कोणी पण खरंच बघा. मोठ्या लाकडी दारांच्या बिजागऱ्या कांस्याच्या आहेत, चांगल्या तळहाताएवढ्या रुंद, त्यावर बारीक वेलबुट्टीचं काम आणि मधे ठळक अक्षरांत टेक्सास कॅपिटॉल असं ओतलेलं. एकेक तीन किलोच्या वर आहे म्हणे. दाराच्या मुठींवरही राज्याचा तारा. कनेटिकटच्या एका कारखान्यातून खास करून घेतल्या होत्या. दार उघडताना कोणाचं लक्ष बिजागरीकडे जातं, तरी तिथेही एवढी मेहनत घेतली आहे. काही बिजागऱ्या इतक्या लोकांचे हात लागून गुळगुळीत झाल्यात, अक्षरांच्या कडा मऊ पडल्यात, बोट फिरवलं की कळतं.

गुलाबी_दगड

निशिगंध, बिजागऱ्यांबद्दल लिहिलंत ते फार बरं झालं. सभागृहातली झुंबरंही बघा, हाउसमधल्या (खालच्या सभागृहातल्या) झुंबरांत ताऱ्याच्या टोकांमधले दिवे असे लावलेत की खालून टेक्सास वाचता येतं. आणि रोटुंडातली फरशी मूळची नाही, ती टेराझोची (दगडाचे बारीक तुकडे सिमेंटात बसवून घासलेली) फरशी १९३६ ची, टेक्सासच्या शताब्दीच्या वर्षी घातलेली. त्यात ज्यांची सत्ता टेक्सासवर होती त्या सहांच्या मुद्रा आहेत, स्पेन, फ्रान्स, मेक्सिको, टेक्सास रिपब्लिक, कॉन्फेडरेट राज्यं (सिव्हिल वॉरच्या वेळी फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं) आणि अमेरिका. भिंतींवर गव्हर्नर आणि रिपब्लिकच्या अध्यक्षांची चित्रं गोलाकार वर चढत जातात, नवं चित्र आलं की ते खाली लागतं आणि बाकी प्रत्येक चित्र एकेक जागा पुढे सरकवतात. म्हणजे सगळी भिंत दर वेळी नव्याने लावायची. दक्षिणेच्या दारातून आत शिरल्यावर सॅम ह्यूस्टन आणि टेक्सासात अमेरिकनांची वसाहत वसवणाऱ्या स्टीफन ऑस्टिनचे संगमरवरी पुतळे आहेत ते एलिझाबेट नाय या जर्मनीतून आलेल्या शिल्पकार बाईंचे. तिचा स्टुडिओ ऑस्टिनमध्येच हाइड पार्कला आहे, आता म्युझियम आहे, तेही बघण्यासारखं.

तिसरा_प्रहर

लेख चांगला आहे पण मी वाट बघतोय कैद्यांच्या भागाची. जे राज्य त्याच्या २० वर्षं आधीपर्यंत गुलामगिरीसाठी लढलं त्याने कैदी कंत्राटदाराला दिले, म्हणजे काय झालं असेल ते उघड आहे. बिजागऱ्या, झुंबरं सगळं ठीक, पण तो डोंगर कोणी फोडला हे कौतुकाच्या भरात राहून जाऊ नये.

गुलाबी_दगड

तिसरा_प्रहर, राहून जाणार नाही, त्यासाठी स्वतंत्र प्रतिसाद लिहायचा होता तो हा.

तेव्हा टेक्सासमध्ये कैदी भाड्याने द्यायची पद्धतच होती, ऊसमळे, रेल्वे, खाणी. त्यांत काळे लोक बरेच, आणि कित्येक जण अगदी किरकोळ गुन्ह्यांसाठी वर्षानुवर्षं आत. ग्रॅनाइटचा खर्च वाढला तेव्हा राज्याने शेकडो कैदी कंत्राटदाराला दिले, कंत्राटदाराने त्यांना खायला घालायचं, पहारा ठेवायचा आणि राज्याला माणशी अगदी तुटपुंजा रोज द्यायचा. बर्नेटपासून ग्रॅनाइट माउंटनपर्यंत आधी रेल्वे नव्हतीच, तो सोळा-एक मैलांचा फाटाही त्यांच्याकडूनच बांधून घेतला आणि मग खाणीत जुंपलं. मध्य टेक्सासचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, आणि उघड्या ग्रॅनाइटवर तो कसा असेल याचा विचार करा.

यावर ग्रॅनाइट कापणाऱ्यांची युनियन उठली. कैद्यांना हे काम शिकवलं तर आमचे पगार कायमचे पडतील असं त्यांचं म्हणणं आणि त्यांनी १८८५ मध्ये या कामावर बहिष्कार टाकला. तेव्हा गस विल्की म्हणून जो प्रत्यक्ष काम करून घेणारा कंत्राटदार होता, वयाने तिशीच्या आत-बाहेरचा, त्याने थेट स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनहून पाथरवट मागवले. अॅबर्डीन म्हणजे ग्रॅनाइटचंच शहर, तिथल्या माणसांचा हात बसलेला. ६२ जण टेक्सासला पोचले. पण परदेशातून कंत्राटावर मजूर आणायला बंदी करणारा केंद्राचा कायदा १८८५ मध्ये नुकताच झाला होता, युनियनने खटला भरायला लावला आणि विल्कीला दंड झाला. म्हणजे या एका इमारतीच्या दगडात कैदी, युनियनचा बहिष्कार आणि परदेशी कामगार असे तिन्ही प्रश्न आहेत, आणि एच-वन-बी व्हिसावर कामाला आलेल्या आपल्यासारख्यांनी तर हा भाग लक्ष देऊन वाचावा असं मला मनापासून वाटतं. एकाच कामावर एका बाजूला बेड्या घातलेले लोक आणि दुसऱ्या बाजूला ज्यांच्या येण्यावरून खटला झाला असे लोक, आणि दोघांचं काम आज भिंतीत शेजारी शेजारी बसलंय.

कौतुक मी त्या कामाचं करतो. कमानीच्या वरचे दगड जवळून बघा, सांध्यात सुरीचं पातं जाणार नाही.

सिव्हिल_सुहास

याला अनुमोदन. ग्रॅनाइटला पाचर मारून फोडणं एक वेळ शिकवून येतं, पण त्याची घडाई, काटकोन काढणं, मोल्डिंग कोरणं याला वर्षं लागतात. कैद्यांनी डोंगरातून ठोकळे काढायचे आणि पाथरवटांनी ते घडवायचे अशी साधारण विभागणी. बेसाल्टमध्ये काम केलेल्या माणसालाही ग्रॅनाइट जड जातो कारण त्यात क्वार्ट्झ असतं, छिन्नीची धार तासाभरात जाते. अशा कामावर लोहाराचा भाता दिवसभर पेटता असायचा, नुसत्या छिन्न्यांना परत धार काढून द्यायला.

लिअँडरचा_प्रवासी

मी रोज लिअँडरहून मेट्रोरेलने डाउनटाउनला जातो. ही लाइन मूळची तीच आहे ना जिच्यावरून हा दगड आला? ऑफिसमधल्या एका जुन्या माणसाने सांगितलं होतं की वाटेत ब्रशी क्रीकजवळ गाडीतून पडलेले ग्रॅनाइटचे ठोकळे अजून तसेच पडलेत.

गुलाबी_दगड

हो, तीच. ऑस्टिन अँड नॉर्थवेस्टर्न म्हणून नॅरो गेज रेल्वे होती ऑस्टिन ते बर्नेट, पुढे रुंद केली, आणि आजची मेट्रोरेल तिच्याच मार्गाने जाते. ठोकळेही खरे आहेत, रुळांच्या बाजूला झाडीत गुलाबी दगड दिसतात. त्या भागात खाली सगळी चुनखडी, त्यामुळे ग्रॅनाइट तिथे आपोआप असणं शक्यच नाही. आणि ग्रॅनाइट माउंटनची खाण अजून चालू आहे, मार्बल फॉल्सला गेलात तर रस्त्यावरून कापलेला डोंगर दिसतो.

मिशिगनवासी

मायर्सचं नाव वाचून लिहायला बसले. आम्ही ट्रॉयला राहतो, मुलीच्या शाळेच्या सहलीबरोबर लॅन्सिंगच्या कॅपिटॉलमध्ये गेले होते. ते १ जानेवारी १८७९ ला उघडलं, खर्च १४-१५ लाख डॉलर, म्हणजे टेक्सासच्या निम्म्याहून कमी. आणि त्या काटकसरीतून काय केलंय बघा, आतलं लाकूड साधं पाइन आहे पण रंगाऱ्यांनी त्यावर हाताने अशा रेषा काढल्यात की अक्रोडाचं लाकूड वाटतं, खांब लोखंडाचे पण रंगवून संगमरवरासारखे केलेत. १९९२ पर्यंत सगळं परत मूळ रूपात आणलं, तेव्हा हे हाताने रंगवायचं कसब असलेली माणसं शोधून आणावी लागली. रोटुंडाची फरशी काचेच्या जाड तुकड्यांची आहे, ९७६ तुकडे, खालच्या मजल्यावर उभं राहून वर बघितलं की चालणाऱ्यांच्या सावल्या दिसतात. एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेल्या दोन इमारती, एकीकडे खरा ग्रॅनाइट फुकट मिळाला आणि दुसरीकडे अक्रोड परवडला नाही, मला दुसरीही तितकीच जवळची वाटते.

डेन्वरकर

तिसरी आमच्याकडे. कोलोरॅडोच्या कॅपिटॉलमध्येही मायर्सला काम पुरं व्हायच्या आधी काढलं होतं. आत गुलाबीसर दगड आहे, बुला रेड म्हणतात, त्याचा जेवढा साठा माहीत होता तेवढा सगळा याच इमारतीत संपला, त्यामुळे तुकडा फुटला तर बदलायला दगडच नाही. घुमटाला सोन्याचा मुलामा १९०८ चा.

शंकासूर

दोन शंका. एक, टेक्सासचं कॅपिटॉल वॉशिंग्टनपेक्षा उंच आहे हे खरं का? इथले लोक फार अभिमानाने सांगतात. दोन, १९८० च्या दशकात मोठी आग लागली होती ना? तिच्यानंतर सगळं नव्याने बांधलं का?

गुलाबी_दगड

उंची खरी आहे. दक्षिणेकडच्या जमिनीपासून वरच्या पुतळ्याच्या ताऱ्यापर्यंत ३०२ फुटांच्या वर, वॉशिंग्टनचं २८८ फूट. पण राज्यांच्या कॅपिटॉलांत सगळ्यात उंच मात्र लुइझियानाचं, ४५० फूट, ते टॉवरच आहे.

आग ६ फेब्रुवारी १९८३ ला पहाटे लागली, सिनेटच्या मागे लेफ्टनंट गव्हर्नरचं निवासस्थान आहे तिथे. एक तरुण पाहुणा त्यात गेला, अग्निशामक दलाची माणसं जखमी झाली. शंभर वर्षांत लोकांनी जागा पुरेना म्हणून खोल्यांत पार्टिशन घातली होती, उंच छतांखाली खोटी छतं केली होती, वायरी कशाही ओढल्या होत्या, आग त्या पोकळ्यांतून आत पसरत गेली आणि अख्खी इमारत जायची वेळ आली होती. त्यानंतर त्याच वर्षी राज्याने जतनासाठी स्वतंत्र मंडळ नेमलं, स्टेट प्रिझर्व्हेशन बोर्ड. नव्याने बांधलं नाही, उलट मधे जे जे घुसवलं होतं ते काढून १८८८-१९१५ च्या काळासारखं केलं, १९९५ मध्ये ते काम पुरं झालं.

पण मग ती सगळी ऑफिसं गेली कुठे? जमिनीखाली. उत्तरेच्या बाजूला खडक साधारण ६५ फूट खोल खोदून चार मजले बांधले, दोन ऑफिसांचे दोन पार्किंगचे, ६ लाख ६७ हजार चौरस फूट, मूळ इमारतीच्या जवळजवळ दुप्पट. १९९३ मध्ये उघडलं. वर हिरवळ आणि काचेची स्कायलाइटं, मधे एक गोल उघडं अंगण खाली उतरलेलं, त्याच्या तळाशी तारा, वरच्या घुमटाला उलटं केलं तर जसं होईल तसं. आधुनिक काम आहे पण मूळ इमारतीच्या पुढे उभं राहून तिला झाकत नाही. जुन्या वास्तूला जागा कमी पडली तर काय करावं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मी तरी पाहिलेलं नाही.

निशिगंध

पुतळ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही! वरची गॉडेस ऑफ लिबर्टी, एका हातात उंच धरलेला तारा आणि दुसऱ्यात तलवार. मूळची १८८८ ची जस्ताची होती, जवळजवळ १६ फूट उंच. ती इतकी खराब झाली होती की १९८५ मध्ये हेलिकॉप्टरने उतरवली आणि पुढच्या वर्षी तिच्यावरून साचा घेऊन अॅल्युमिनियमची बसवली. मूळची आता बुलॉक म्युझियममध्ये आहे, कॅपिटॉलपासून चालत जाण्यासारखं. जवळून चेहरा बघून दचकायला होतं, नाक-ओठ-भुवया सगळं जाड, खडबडीत. पण ३०० फुटांवरून चेहरा दिसायचा म्हणजे तसाच लागणार, नाजूक नाक-डोळे खालून दिसलेच नसते. त्या कारागिरांना ती कुठून बघितली जाणार हे पक्कं माहीत होतं.

गुलाबी_दगड

बरोबर. आणि नवी बसवतानाची हकीकतही मोठी आहे, टेक्सास नॅशनल गार्डच्या हेलिकॉप्टरला वाऱ्यात ती नेमकी खुंटीवर बसवता येईना, शेवटी मिसिसिपी नॅशनल गार्डचं मोठं हेलिकॉप्टर मागवलं तेव्हा जून १९८६ मध्ये बसली.

घुमट शहरभरातून दिसतो तो आपोआप नाही. १९६० च्या दशकात कॅपिटॉलच्या अगदी शेजारी उंच निवासी इमारत झाली त्यावरून लोकांना काळजी वाटायला लागली, आणि १९८३-८४ मध्ये राज्याने आणि शहराने मिळून कॅपिटॉल व्ह्यू कॉरिडॉर आखले. अमुक पुलावरून, अमुक टेकडीवरून घुमट दिसलाच पाहिजे, त्या रेषेत कोणालाही उंच बांधता येत नाही. तीसेक कॉरिडॉर आहेत. डाउनटाउनमधल्या काही टॉवरचा आकार तिरका-छाटलेला दिसतो तो कित्येकदा त्यामुळे. बिल्डरांचा दबाव कायम असतो, तरी नियम बऱ्यापैकी टिकलाय, आणि तो टिकावा.

तिसरा_प्रहर

सविस्तर उत्तराबद्दल आभार. आवारातल्या स्मारकांबद्दलही सांगा, कॉन्फेडरेटवाली अजून आहेत का?

गुलाबी_दगड

आहेत. कॉन्फेडरेट सैनिकांचं १९०३ चं मोठं स्मारक दक्षिणेच्या वाटेवर आहे. आत एक पाटी होती १९५९ ची, सिव्हिल वॉर गुलामगिरी टिकवण्यासाठी झालंच नाही असं सांगणारी, ती बऱ्याच वादानंतर जानेवारी २०१९ मध्ये काढली. चांगलं झालं, कारण ती सरळ खोटं सांगत होती. दरम्यान २०१२ मध्ये दक्षिणेच्या हिरवळीवर तेहानो स्मारक झालं, स्पॅनिश-मेक्सिकन वंशाच्या टेक्सासकरांचं, आणि २०१६ मध्ये आफ्रिकन अमेरिकन इतिहासाचं. दोन्ही मोठी आणि बघण्यासारखी. बायबलमधल्या दहा आज्ञांची एक शिळाही आहे, तिच्यावरचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २००५ मध्ये ती तिथेच राहील असा निकाल लागला. खाणीतल्या कैद्यांचं मोठं स्मारक तिथे दिमाखात उभं आहे असं मात्र नाही, ते व्हायला हवं.

माणदेशी

एप्रिलमध्ये आईबाबा येतायत, वडील इरिगेशन खात्यातून रिटायर झालेत त्यांना हे सगळं दाखवायचंय. आईला फार चालवत नाही. तिकीट, वेळ, कसं करायचं?

गुलाबी_दगड

तिकीट नाही, गाइडेड टूरही फुकट. दारात फक्त सिक्युरिटी तपासणी असते. आधी आवाराच्या आग्नेय कोपऱ्यात व्हिजिटर्स सेंटर आहे तिथे जा, ती १८५७ ची जमीन-खात्याची जुनी इमारत, प्रसिद्ध कथालेखक ओ. हेन्री तिथे नकाशे काढायचे काम करायचा. काकांना जमीन-मोजणीत रस असेल तर तिथेच तास जाईल. आत लिफ्ट आहेत त्यामुळे काकूंना त्रास नाही. सभागृहं दुसऱ्या मजल्यावर, प्रेक्षक गॅलरी तिसऱ्या मजल्यावरून. विधिमंडळाचं नेहमीचं अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, विषम वर्षी जानेवारीपासून १४० दिवस, म्हणजे त्या वर्षीचा एप्रिल असेल तर कामकाज चालू बघायला मिळेल पण गर्दी असेल, आणि सम वर्ष असेल तर शांतपणे सगळी दारं-बिजागऱ्या बघता येतील. गाडी सॅन जासिंटो स्ट्रीटच्या व्हिजिटर पार्किंगमध्ये लावा.